रताळी गेली, पपई गेली, मग कळलं घूस आपणच पोसतोय : सांगलीतल्या एका परसबागेचं प्रकरण

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेच्या पुढे धामणीच्या बाजूला. साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट, मागच्या कंपाउंडच्या पलीकडे कधीकाळी नुसता ऊस होता, आता आधी एक रिकामा प्लॉट, त्यात गवत आणि कुणाकुणाचा राडारोडा, आणि मग ऊस. घराच्या मागे ४० बाय २० फुटांची परसबाग आहे ती माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. अप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले त्याला १२ वर्षं झाली, तेव्हापासून बाग हीच त्यांची ड्युटी. मी घरून काम करते, खिडकी बागेकडे, त्यामुळे बागेतली कुठलीही भानगड पहिली मला दिसते. हे सगळं एवढं सविस्तर लिहितेय कारण यात आमचे जवळजवळ चार महिने गेले आणि त्यातले पहिले अडीच महिने आम्ही शेवटी करायची कामं आधी करत बसलो होतो.

झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटी रताळ्याचा वेल एका कोपऱ्यात मलूल दिसायला लागला. पाणी बघितलं, ठीक. पानं उलटी करून कीड बघितली, नाही. जरा ओढला तर अख्खा वेल हातात आला, खाली रताळी नाहीतच, नुसती पोकळी, आणि एक अर्धं उरलेलं रताळं ज्यावर पटाशीने तासल्यासारखे जोडीजोडीने ओरखडे. अप्पा म्हणाले, "खार असंल." आता खार जमिनीत बोगदा मारून रताळी कशाला खाईल, पण अप्पांशी बागेवरून वाद घालायचा नाही हे मी लग्न झाल्यापासून शिकलेय. मग आठवड्याभरात चांगली फळं लागलेली पपई एका रात्रीत आडवी झाली, वारा नाही काही नाही, बघितलं तर बुडाशी मुळं कुरतडलेली आणि माती भुसभुशीत पोकळ. त्याच्या पुढच्या आठवड्यात नारळाचं दीड वर्षाचं रोप गेलं. आणि कंपाउंडच्या कडेने, पाण्याच्या टाकीच्या ओट्याखाली, विटांच्या थप्पीखाली असे ताज्या मातीचे ढीग दिसायला लागले, प्रत्येक ढिगाशेजारी मूठभर-दोन मूठभर रुंदीचं भोक, काही उघडी तर काही आतून मातीने बंद केलेली.

आता आमच्याकडे अप्पांचा जुना लाकडी पिंजरा होता. त्यात भजं लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत एक प्राणी. अप्पा खूश, सासूबाईंनी पदर नाकाला लावला, कारण वास. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, चिक्चिक् आवाज, म्हणजे चिचुंद्री. आणि ही आमची पहिली मोठी चूक होता होता राहिली, कारण चिचुंद्री उंदीर नाहीच. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातलीच नाही, ती झुरळं, किडे, गोगलगायी असलं खाते, रताळ्याला तिने हातसुद्धा लावला नसता. मी नवऱ्याला म्हटलं सोड तिला, अप्पा म्हणाले घरात घाण करते, मी म्हटलं झुरळं पण खाते, शेवटी सोडली. ती भिंतीच्या कडेकडेने अशी पळाली की जसं काय आम्हीच तिच्या घरात घुसलोय.

मग नेमकं येतंय कोण हे बघायला मी रांगोळी वापरली. हे मला जाम आवडलेलं काम. रात्री नऊला पांढरी रांगोळी चाळणीने बिळांच्या तोंडाशी आणि भिंतीच्या कडेला पातळ पसरली, सकाळी सहाला मोबाईल घेऊन बघायला गेले. पंजे स्पष्ट, साध्या उंदरापेक्षा बरेच मोठे, आणि मधून शेपटी ओढत नेल्याची रेघ. शिवाय लेंड्या, बोटाच्या पेराएवढ्या. म्हणजे घूस.

घूस म्हणजे काय यावर आमच्याकडे चार जणांची पाच मतं होती म्हणून थोडं सांगते. आपण मराठीत सरसकट घूस म्हणतो पण त्यात दोन जाती येतात. एक मोठी, शहरातल्या गटारांत, गोदामांत, जुन्या वाड्यांच्या जोत्याखाली राहणारी, किलोभर सहज भरते, अंगावर राठ लांब केस. दुसरी जरा लहान, पाव किलोच्या पुढेमागे, शेतातली, ऊस-भात-गव्हात राहणारी, बिळात धान्याचा साठा करणारी आणि बिळाचं तोंड मातीने बुजवून घेणारी. आमच्याकडे बहुतेक दोन्ही होत्या. नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले, मागचा ऊस तुटला, आणि ऊस तुटला की त्यातली शेतघूस जाणार कुठे, जवळच्या घराकडेच ना. मोठी मात्र उसातून आली नव्हती, ती दुसऱ्याच रस्त्याने यायची, ते पुढे सांगते. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हासुद्धा पाणी आमच्या गल्लीत आलं नव्हतं पण उंदीर, घुशी, साप सगळे उंच जागा बघून आमच्या बाजूला आले होते, तेव्हापासून घूस या भागात नवीन नाही. नवीन होतं ते तिचं आमच्या बागेत मुक्कामाला राहणं.

आता उपाय. पहिला उपाय अप्पांचा, बिळात पाणी सोडणं. पाटबंधारे खात्याचा माणूस, दुसरं काय सुचणार. दीड इंची पाईप बिळात घालून अर्धा तास मोटर चालू. घूस एकही बाहेर आली नाही, पाणी मात्र शेजारच्या काकूंच्या भिंतीच्या पलीकडून निघालं आणि आमच्या अंगणातले चार पेव्हर ब्लॉक बोटभर खचले. बीळ म्हणजे सरळ नळी नसते, त्याला फाटे, वरच्या अंगाला कोरड्या खोल्या, निसटायला वेगळी तोंडं असतात, तुम्ही पाणी सोडलं की ती वरच्या खोलीत जाऊन बसते आणि तुमचं जोतं तेवढं भिजतं.

मग फिनाईलच्या गोळ्या (दोन दिवसांनी ताज्या मातीच्या ढिगावर बाहेर टाकलेल्या सापडल्या), लाल तिखट, कापूर, तुरटी. मग नवऱ्याने ऑनलाईन मागवलेलं ते प्लगचं मशीन, ज्याचा आवाज म्हणे माणसाला ऐकू येत नाही पण उंदराला येतो. असा आवाज भिंतीपलीकडे किंवा मातीतून जातच नाही, समोरच्या खुर्चीनेसुद्धा अडतो, आणि आमची घूस दोन फूट मातीखाली. ते मशीन आता हॉलमध्ये आहे, हिरवा दिवा छान दिसतो. सासूबाईंच्या गावच्या चुलतभावाने सांगितलं गिरिपुष्पाच्या फांद्या बिळात घाला, त्याला उंदीरमारीच म्हणतात. नाव खरंच तसं आहे, त्याच्या शास्त्रीय नावाचा, ग्लिरिसिडियाचा, अर्थसुद्धा उंदीर मारणारा असाच निघतो, कारण मध्य अमेरिकेत त्याचा पाला-साल मक्यात आंबवून उंदरांना घालायचे. पण नुसत्या फांद्या खोचून काही होत नाही. फायदा एवढाच झाला की तो पाला वाफ्यावर पसरला आणि वांग्यांना नत्र मिळालं.

शेजारच्या काकूंचा बोका हा पण एक उपाय असेल असं मला वाटलं होतं. एका रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च घेऊन गच्चीवरून बघत बसले तर भिंतीच्या कडेने एक मोठी घूस आरामात चाललीये, आणि हा बोका तीन फुटांवर कुंडीवर बसून तिच्याकडे अशा नजरेने बघतोय की जसं काय पोस्टमन चाललाय. मांजर उंदीर धरतं, घुशीची पिल्लं धरतं, पण पूर्ण वाढलेल्या घुशीच्या नादाला शहाणं मांजर लागत नाही, ती अंगावर येते, घुरघुरते, चावते.

आणि मग आम्ही विषाकडे वळलो. इथे मला जरा लाज वाटते ते सांगायला पण सांगते. अप्पांनी कृषी दुकानातून ब्रोमाडायलोनच्या तयार वड्या आणल्या, त्या निळसर-हिरव्या असतात, ०.००५ टक्के औषध. हे विष रक्त गोठू देत नाही, खाल्ल्यावर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात, त्यामुळे बाकीच्या घुशींना संशय येत नाही. दुकानदार म्हणाला झिंक फॉस्फाईड पण आहे, ती काळी पावडर, भरडलेल्या धान्यात तेल लावून दोन टक्के मिसळतात. अप्पांना ती माहीत होती, शेतात वापरलेली, आणि त्यांनीच नको म्हटलं, कारण पोटात गेली की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही, माणसाला पण नाही. शिवाय एखादी घूस थोडंसं खाऊन वाचली की परत त्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही, म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य घालून सवय लावावी लागते. आणि कुणीतरी धान्यात टाकायच्या त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाका म्हणालं, त्याला तर मी हात जोडले. त्या गोळ्या आपण घरी वापरायच्याच नसतात, कायद्यानेच नाही, बिळ घराच्या जोत्याखाली गेलेलं असलं तर वायू झोपायच्या खोलीत येतो आणि माणसं मरतात.

तर वड्या. पाकिटावर लिहिलेलं बंद डब्यात ठेवा, मुलं-पाळीव प्राण्यांपासून दूर. अप्पांनी बिळांच्या तोंडाशी उघड्यावर टाकल्या, ११ बिळं, ११ वड्या. मी ऑफिसच्या कॉलवर होते, मला संध्याकाळी कळलं. चौथ्या दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पक्ष्यांच्या पाण्याच्या मातीच्या भांड्यात एक तुकडा सापडला, तो घेऊन आला, "आई हे खडूसारखं काय आहे?" माझ्या पायातलं बळ गेलं. साबणाने तीनदा हात धुवायला लावले, तोंडात घातला नाहीस ना, नाही ना, असं दहा वेळा विचारलं. घूस वडी उचलून नेते आणि कुठेही टाकते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठव्या दिवशी काकूंचा बोका सुस्त पडला, खाईना, हिरड्या पांढऱ्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला आसपास उंदराचं औषध टाकलंय का, मी पाकिटाचा फोटो दाखवला, त्यांनी लगेच व्हिटॅमिन के वन सुरू केलं, कित्येक आठवडे गोळ्या चालल्या. बोका वाचला. काकू महिनाभर आमच्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. बोक्याने मेलेली किंवा मरायला टेकलेली घूस किंवा उंदीर खाल्ला असणार, विष तसं पुढे जातं, घुबडाला जातं, मुंगसाला जातं.

आणि एवढं करून दोन घुशी मेल्या, त्यातली एक पाण्याच्या टाकीच्या ओट्याखाली, जिथे हात जात नाही. दहा दिवस वास. सासूबाईंनी त्या दहा दिवसांत मागचं दार उघडलं नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात नवीन मातीचे ढीग.

इथे मी जरा थांबून विचार केला, आणि मला वाटतं खरं प्रकरण इथून सुरू होतं. घुशीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा-आठ पिल्लं, कधी जास्तही. आपण दोन मारल्या तर त्या जागेवर मागच्या उसातून तिसरी येते, कारण जागा चांगली आहे. मग प्रश्न घूस कशी मारायची हा नाहीच, आमची जागा तिला एवढी चांगली का वाटतेय हा आहे. आणि त्याचं उत्तर मला साधारण माहीत होतं, फक्त ते अप्पांना सांगायचं कुणी.

आधी पुरावा गोळा केला. शेतकी लोक करतात तीच पद्धत, संध्याकाळी सगळी बिळं बुजवायची, सकाळी कुठली उघडली ते मोजायचं, म्हणजे चालू बिळं किती ते कळतं. मी वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि वर ओली माती थापली, प्रत्येकापाशी काडी रोवून नंबर घातला. ११ पैकी सकाळी पाच उघडी. दुसऱ्या दिवशी तीच पाच. तिसऱ्या दिवशी तीच पाच. म्हणजे बाकीची सहा नुसती जुनी किंवा निसटायची. कागदावर बागेचा नकाशा काढून त्यावर पाच ठिपके दिले: दोन कंपोस्टच्या खड्ड्याला चिकटून, एक ड्रेनेजच्या चेंबरपाशी, एक विटांच्या थप्पीखाली, एक पाण्याच्या टाकीखाली.

कंपोस्टचा खड्डा म्हणजे अप्पांचा जीव. विटांची गोल रिंग, बिनसिमेंटची, हवा खेळायला फटी ठेवलेल्या, खाली माती, वर गोणपाट. त्या खतावर आमच्या वांग्यांची आख्खी गल्लीत वाहवा. आणि त्यात काय जायचं? भाजीची देठं, पालापाचोळा, चहाचा चोथा, हे ठीक, पण उरलेला भात, चपातीचे तुकडे, रविवारच्या मटणाचा रस्सा लागलेली हाडं, भाकरी, सगळं. म्हणजे घुशीला हॉटेल, आणि हॉटेलला मागून दार. शिवाय सासूबाई संध्याकाळी गेटपाशी कुत्र्यासाठी भाकरी ठेवायच्या आणि पक्ष्यांची ज्वारी पण संध्याकाळीच घालायच्या, कारण सकाळी वेळ नाही. संध्याकाळी कुठला पक्षी खातोय? रात्रभर ती ज्वारी कोण खात होतं ते रांगोळीत दिसलंच होतं.

नकाशा मी जेवणानंतर अप्पांसमोर ठेवला. काही बोलले नाही, नुसता ठेवला. अप्पांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "खड्डा बंद करायचा म्हणतीस?" मी म्हटलं बंद नाही अप्पा, फक्त बदलायचा. ते उठून गेले. दोन दिवस खड्ड्याचा विषय घरात निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर अप्पा आणि गवंडी खड्डा उचकटत होते, आणि खालच्या थरात, साधारण फूटभर खोल, कागदाचे कपटे, मक्याची साल, प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्या असं गोल घरटं निघालं, शेजारी साठवलेली ज्वारी, अंदाजे अर्धा किलो, आणि रताळ्याचे सुकलेले तुकडे. अप्पा बराच वेळ तिथे उकिडवे बसून राहिले. म्हणाले, "आयला, आपलंच धान्य, आपलंच खत, आणि बंगला बी आपल्याच विटांचा."

या कामाला हात लावायच्या आधी मी एका गोष्टीवर हट्ट धरला होता, ती म्हणजे गमबूट आणि रबरी हातमोजे. अप्पा अनवाणी बागेत फिरणारे, टाचांना भेगा. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग पसरतो, ओल्या मातीत त्याचे जंतू टिकतात आणि कातडीवरच्या बारीक जखमेतून आत जातात. २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती माणसं गेली ते अप्पांना आठवत होतं, तेव्हा ते मुंबईत भावाकडे होते, त्यामुळे बूट घातले, कुरकुर करत पण घातले. घरटं निघालं ती जागा आधी पाणी मारून ओली केली, धूळ उडू नये म्हणून, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडलं, मग माती उपसली. पुढचे पंधरा दिवस कुणाला ताप येतोय का याच्यावर माझं लक्ष होतं, कारण अशा वेळी ताप आला तर डॉक्टरला घुशींचं काम केलंय हे आपण होऊन सांगावं लागतं, ते विचारतीलच असं नाही.

नवीन कंपोस्ट आता २०० लिटरच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आहे, बुडाला आणि बाजूला भोकं पाडून आतून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावलेली, झाकण पक्कं, आणि ड्रम विटांवर फूटभर उंच. शिजवलेलं अन्न त्यात जात नाही. ते कुठे जातं? कमी उरेल असं करतो, आणि जे उरतं ते दूधवाला म्हशीला नेतो. पक्ष्यांची ज्वारी सकाळी, खाऊन होईल एवढीच. कुत्र्याची भाकरी कुत्रा समोर असेल तेव्हाच. हे सासूबाईंनी लगेच ऐकलं, खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर.

चेंबरपाशी निघालं ते वेगळंच. प्लंबरने झाकण काढून बघितलं तर बाहेरच्या मेन लाईनला जाणाऱ्या चार इंची पाईपचा जोड तुटलेला, आणि त्या फटीतून माती आत ढासळलेली. मोठ्या घुशी तिथून यायच्या, रस्त्याच्या गटारातून सरळ आमच्या बागेत. बागेतल्या कुठल्याही चेंबरशेजारी बीळ दिसलं, किंवा तिथली फरशी विनाकारण खचली, तर आधी पाईप तपासा, औषध नंतर. जोड बदलला, चेंबरला आतून प्लास्टर केलं, झाकणाची कडा नीट बसवली, बाथरूमच्या बाहेरच्या नहाणी ट्रॅपवर जाळी. साधा उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून जातो, घरातला बारका उंदीर तर पेन्सिलीएवढ्या फटीतून, त्यामुळे मागच्या दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी पण त्याच दिवशी मारून घेतली.

यानंतर पिंजरा. म्हणजे जे आम्ही पहिल्या दिवशी केलं ते आता केलं, पण वेगळं. लोखंडी जाळीचे दोन मोठे पिंजरे, दीड-दोन फुटी, कारण लाकडी पिंजऱ्यात घूस मावत नाही आणि मावली तरी कुरतडून निघते. घूस नवीन वस्तूला घाबरते, म्हणून पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून भिंतीला लागून, तिच्या जायच्या वाटेवरच ठेवलं, आत सुकट आणि भाजलेले शेंगदाणे, चार रात्री नुसतं खाऊ दिलं. पाचव्या रात्री तार सोडली. पहिल्याच रात्री एक. पुढच्या आठ रात्रींत आणखी दोन. बाहेरचं खाणं बंद झालेलं असल्यामुळे सुकटीला आता किंमत आली होती, हा फरक. खड्डा चालू असताना हेच पिंजरे लावले असते तर त्या ढुंकूनही आल्या नसत्या, माझी खात्री आहे.

पकडलेल्या घुशीचं काय केलं हे लोक नेहमी विचारतात आणि बहुतेक जण लांब सोडून आलो सांगतात. लांब म्हणजे कुणाच्या तरी शेतात किंवा दुसऱ्या कॉलनीच्या मागे, म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या दारात. आम्ही सोडल्या नाहीत. पाण्यात बुडवणं मला बघवलं नसतं आणि ते चटकन होत पण नाही. मागच्या शेतातला गडी येऊन एका फटक्यात काम करायचा, आणि खोल खड्डा करून पुरायचा. मुंबईत महापालिकेकडे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, काठी-टॉर्च घेऊन उंदीर मारणं हीच त्यांची नोकरी, ते ऐकून माझ्या मुलाने आठवडाभर मी मोठा झाल्यावर तेच होणार म्हणून घोषित केलं होतं. सासूबाईंना मात्र गणपतीच्या वाहनाचं वाईट वाटायचं. त्या दिवशी संध्याकाळी त्या देवासमोर जरा जास्त वेळ बसायच्या, आम्ही कुणी काही म्हणायचो नाही. चिकटपट्टीवाले बोर्ड मी घरात येऊ दिले नाहीत, त्यात पाल अडकते, चिमणी अडकते, आणि उंदीर दोन-दोन दिवस जिवंत तडफडतो.

राहिली विटांची थप्पी. २०१८ ला वरचा मजला बांधताना उरलेल्या साधारण ४०० विटा, कधीतरी लागतील म्हणून. जानेवारीत ती हलवायला घेतली, अर्धी झाली आणि गडी एकदम मागे सरकला. खालच्या घुशीच्या बिळात तोंडाशीच पिवळसर तपकिरी जाडजूड वेटोळं. सर्पमित्राला बोलावलं, त्याने लांबूनच बघून सांगितलं धामण, बिनविषारी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं, फक्त नागोबाच्या जागी धामणबाई. मी त्याला म्हटलं घेऊन जा. तो म्हणाला नेतो, कायद्याने रीतसर सोडावी लागेल, पण ताई, तुमच्याकडे घुशी होत्या ना, हिचं खाणंच ते आहे, राहू दिली तर बिघडत काय? मी, नवरा, सासूबाई तिघंही एका सुरात नको. अप्पा थप्पीकडे बघत म्हणाले, "राहू दे की. तिनं आपलं काय खाल्लंय?"

तर राहिली. म्हणजे अर्धी थप्पी तशीच ठेवली, मुलाला त्या कोपऱ्यात जायला बंदी. ती एका जागी फार राहत नाही, १०-१२ दिवसांत दिसेनाशी झाली, फेब्रुवारीत तिथे साडेपाच फुटी कात सापडली, ती मुलाने शाळेत नेली. मग उरलेल्या विटा हलवल्या. बाकीची बिळं खडी आणि सिमेंटच्या मालाने भरली, काही लोक काचा घालतात, आम्ही नाही घातल्या, कारण त्याच मातीत पुढे आपलेच हात जातात.

रताळ्याच्या आणि भुईमुगाच्या दोन वाफ्यांना फक्त जाळी केली, पूर्ण बागेला करण्यात अर्थ नव्हता. अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाईज्ड वेल्डेड जाळी, जमिनीवर दोन फूट, जमिनीखाली दीड फूट, आणि तळाला बाहेरच्या बाजूला अर्धा फूट वाकवलेली, म्हणजे खणत खाली गेली तरी पुढे परत जाळीच लागते. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, स्वस्त पडते पण घूस ती चावून तोडते, आमच्या समोरच्यांनी तो प्रयोग करून झालाय. जाळी, ड्रम, प्लंबर, गवंडी, पिंजरे सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. वड्या, मशीन, कापूर, फिनाईल आणि बोक्याचं औषधपाणी (ते आम्हीच दिलं) मिळून साडेसहा. पेव्हर ब्लॉक अजून तसेच आहेत खचलेले.

घुशी संपल्या का? नाही, मागे ऊस आहे तोवर संपणार नाहीत. मार्चमध्ये काड्या रोवून परत तीन रात्री बोळे लावले, एकही उघडलं नाही. मेमध्ये एक उघडलं, पिंजरा लावला, दोन रात्रींत मिळाली. आता ते बोळ्यांचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलंय, दर रविवारी संध्याकाळी शनिवारचा पेपर फाडून सगळ्या जुन्या जागांवर बोळे लावतात आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी गमबूट घालून राऊंड मारतात, वहीत तारीख आणि नंबर लिहितात, अगदी पाणीपातळी लिहायचे तसं. काकूंकडेही एक काडी रोवून आलेत, बोक्याच्या प्रकरणानंतर त्यांच्या गेटमधून आत जायची आमच्याकडून पहिली वेळ. परवा मी खिडकीतून विचारलं काय अप्पा, आज काय, तर वही बघत म्हणाले, "सात नंबरचा कागद जरा हललाय. फाटला नाही, नुसता हललाय. आज रांगोळी टाकून बघू."